रविवारचा विश्वास, सोमवारचा विश्वास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गारखेड्यात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला डिसेंबरात येतो : ‘तुमच्या नाताळात काय काय असतं?’ याचं उत्तर सोपं आहे. घरावर चांदणी लावतो, करंज्या-चकल्या करतो, केक आणतो, मुलं गाणी म्हणत घरोघर फिरतात, पंचवीस तारखेला सकाळी उपासना असते. शेजारी फराळाचं ताट घेऊन जातात, दिवाळीत त्यांचं आलेलं असतं, फिटंफाट होते.

दुसरा प्रश्न मात्र वर्षभरात कधीही येतो. रिक्षाची वाट पाहताना, सूतगिरणी चौकात भाजी घेताना. ‘तुम्ही ख्रिस्ती, म्हणजे आमच्यापेक्षा वेगळं काय करता हो?’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं. पण या प्रश्नाला नाताळाच्या यादीसारखं उत्तर देता येत नाही. रविवारी चर्चला जातो, बायबल वाचतो, जेवणाआधी प्रार्थना करतो, असं सांगितलं तर विचारणारा मान डोलावतो. त्याचं समाधान झालेलं नसतं, आणि खरं सांगायचं तर ते व्हायलाही नको. कारण त्याने विचारलेलं असतं, तुम्ही काय करता. आपण सांगितलेलं असतं, आम्ही काय म्हणतो.

आमच्या उपासनेत एक भाग असतो. सगळी मंडळी उभी राहते आणि एका सुरात विश्वासाची कबुली म्हणते. देव पिता, येशू ख्रिस्त, पवित्र आत्मा, पापांची क्षमा, मृतांचं पुनरुत्थान, सगळं त्यात येतं. लहानपणापासून म्हणून म्हणून ती इतकी पाठ होते, की मन दुसरीकडे असलं तरी जीभ चुकत नाही. म्हणायला दोन मिनिटंही लागत नाहीत. ही कबुली मला प्रिय आहे, तिच्यामागे शतकानुशतकांची साक्ष आहे. पण ती दोन मिनिटांत संपते आणि आठवड्याची मिनिटं होतात दहा हजारांवर. बाकीच्या मिनिटांचं काय, हा आजच्या बोलण्याचा विषय.

बायबलमध्ये येशूचे कडक शब्द कोणासाठी आहेत, हे एकदा पाहण्यासारखं आहे. चोर, जकातदार, बदनाम बायका यांच्याशी तो फार मायेने बोलतो. कडक बोलतो तो धर्म पाठ असलेल्या लोकांशी. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो बजावतो, की मला प्रभू प्रभू म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात येईल असं समजू नका. त्याच शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं चित्र आहे. तिथे काय विचारलं जाईल? भुकेल्याला जेवू घातलंत का, तहानेल्याला पाणी दिलंत का, उघड्याला वस्त्र दिलंत का, परक्याला घरात घेतलंत का, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटलात का. एवढीच प्रश्नपत्रिका. बाप्तिस्मा कोणत्या साली झाला, मंडळीची वर्गणी भरली का, गाणी किती पाठ आहेत, हे तिथे विचारलेलंच नाही. गंमत अशी, की जे पास होतात त्यांना आपण पास झाल्याचं माहीतही नसतं. आम्ही तुला कधी जेवू घातलं, असं ते उलट विचारतात.

याकोबाचं पत्र याच्याही पुढे जातं. त्याचं म्हणणं असं, की कृतीवाचून विश्वास मेलेला असतो. उघड्या, उपाशी माणसाला नुसतं ‘सुखात राहा’ म्हणून वाटेला लावलं, तर त्या आशीर्वादाचा त्याला काय उपयोग? आता इथे जाणकार ख्रिस्ती वाचक हात वर करतील. तारण विश्वासाने मिळतं, कर्माने नाही, असं पौल सांगतो ना? बरोबर आहे. मार्टिन ल्यूथरलाही याच कारणाने याकोबाचं पत्र फारसं रुचलं नव्हतं. पण मला यात भांडण दिसत नाही. थर्मामीटर लावल्याने ताप येत नाही, असलेला ताप दिसतो. चांगल्या कामाने विश्वास विकत मिळत नाही, असलेला विश्वास दिसतो. आणि पारा जागचा हललाच नाही, तर अंगात काय आहे याचा विचार करायला हवा, एवढंच याकोब म्हणतो.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. भर दुपारी येशू एका विहिरीपाशी बसला आहे, दमलेला, तहानलेला. शोमरोनी जातीची एक बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी भांड्याचाही व्यवहार ठेवत नसत. येशू तिला म्हणतो, मला पाणी पाज. बाई चकित होते : तुम्ही यहुदी, मी शोमरोनी, आणि माझ्याकडे पाणी मागता? युरोपातल्या वाचकाला या ओळी टीप वाचून समजून घ्याव्या लागतात. महाराष्ट्रात ही गोष्ट कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. ज्या राज्यात २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे त्या बाईचा प्रश्न आपलाच वाटतो. येशूने त्या दिवशी पाणी दिलं नाही, मागितलं. देणारा वरच्या पायरीवर असतो. मागणाऱ्याला खाली उतरावं लागतं.

हीच गोष्ट पंडिता रमाबाईंना इंग्लंडमध्ये भेटली. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायको-मुलींना संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचे बोल खाल्ले. पुढे दुष्काळात आई-वडील गेले. रमाबाई भावाबरोबर पायी देश फिरल्या, १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. त्यांनी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं, जात सोडून. दोन वर्षांच्या आत वैधव्य आलं, कडेवर लहान मुलगी मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वॉन्टेज गावच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलम भागातलं एक घर दाखवलं. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांची तिथे मायेने काळजी घेतली जात होती. रमाबाईंना आश्चर्य वाटलं. असं का करता, म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. म्हणजे आधी काम डोळ्यांनी पाहिलं, मग त्या कामामागचा ग्रंथ उघडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

पण मला रमाबाईंची आठवण आज वेगळ्या कारणासाठी काढायची आहे. बाप्तिस्म्यानंतर त्या निमूट झाल्या नाहीत. भगिनींनी सांगितलेलं प्रत्येक तत्त्व त्या घासून पाहत, वाद घालत. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, मला लॅटिन येत नाही, माझ्या क्रूसावर संस्कृत असू द्या, असा त्यांचा आग्रह होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही. ख्रिस्ती होणं म्हणजे इंग्रज होणं, हे त्यांना कधीच मान्य झालं नाही. तरीही पुढे मागे वळून पाहताना त्यांनी स्वतःविषयी जे लिहिलं, ते वाचताना मी दर वेळी थांबते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता पण ख्रिस्त नव्हता, असा त्या कबुलीचा आशय आहे. लक्षात घ्या, हे कोण म्हणतं आहे? ज्या बाईने तोवर अमेरिकेत भाषणं देऊन निधी उभा केला होता, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं होतं, ती. म्हणजे नुसती कबुली पुरेशी नाही, तसं नुसतं काम करणंही त्यांना पुरेसं वाटलं नव्हतं. आत काहीतरी व्हावं लागतं. ते काय, हे बाहेरच्याला सांगता येत नाही. पण झालं की माणसाचा भित्रेपणा जातो, असं रमाबाईंकडे पाहून वाटतं.

शारदा सदनावरून पुण्यात जे वादळ झालं, त्याचाही उल्लेख करायला हवा. सदनातल्या मुली ख्रिस्ती होऊ लागल्या, म्हणून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं. ‘केसरी’ने झोड उठवली. आमच्याकडे हा इतिहास सांगताना रमाबाईंना सरळ देवी करण्याची आणि विरोधकांना दुष्ट ठरवण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. पालकांनी एका अटीवर मुली पाठवल्या होत्या आणि ती अट मोडली असं त्यांना वाटलं, तर त्यांचा राग खोटा नव्हता. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीतल्या प्रार्थनेचं दार मी बंद करणार नाही. दोन्ही बाजू समजून घेतल्याशिवाय त्या काळाला न्याय मिळत नाही.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. स्वतः दुष्काळात पोळलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली गोळा करून आणू लागल्या. पुण्यात प्लेग. गर्दी करायला मनाई. तेव्हा दौंडजवळ केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर आधी तंबू-झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यातून ‘मुक्ती’ वसलं. छप्पनच्या दुष्काळानंतर, म्हणजे १९०० च्या सुमारास, तिथली वस्ती दीड हजाराच्या पुढे गेली होती. इतक्या मुलींना रोज जेवू घालायचं म्हणजे काय, हे ज्याने लग्नाच्या पंगतीचं सामान एकदा तरी आणलं आहे, त्याला सांगायला नको. शेती, गाईगुरं, विणकाम, तेलघाणी, शिवण, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. आणि फुलमला पाहिलेलं ते घर? ते रमाबाई विसरल्या नव्हत्या. तशाच बायकांसाठी केडगावला ‘कृपा सदन’ बांधलं गेलं. त्याच काळात प्लेगच्या नावाखाली बायकांना सरकारी इस्पितळांत कसं वागवलं जातं, यावर त्यांनी जाहीर टीका केली. सरकार ख्रिस्ती होतं, रमाबाई ख्रिस्ती होत्या, पण त्यामुळे त्यांची लेखणी अडली नाही.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवण्याचं काम मुक्तीतल्याच बायका करत. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. जाण्याआधी भाषांतर पुरं झालं होतं.

आता दुष्काळाचा विषय निघालाच आहे तर एक जुना आरोप बाजूला ठेवून चालणार नाही. धान्यासाठी ख्रिस्ती झाले, असं म्हणतात. मराठवाड्यात, नगर भागात अनेक ख्रिस्ती घराण्यांची सुरुवात दुष्काळाच्या आसपासची आहे, हे खरं आहे. काही जण पोटासाठी आले, हेही खरं असणार. भुकेला माणूस जिथे भाकरी दिसते तिथे जातो. पण भाकरीबरोबर आणखीही काही मिळालं. आपल्यापासून साठ किलोमीटरवर जालना आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून ‘बेथेल’ नावाची वसाहत उभी केली. बेथेल म्हणजे देवाचं घर. शेषाद्री जन्माने ब्राह्मण, १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले. त्यांच्या वसाहतीत आले ते बहुतेक मांग आणि महार. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्याच्या शेजारी असा माणूस येऊन राहतो, त्याच्या मुलाला अक्षर शिकवतो, ही गोष्ट शेरभर ज्वारीच्या मापात मोजता येत नाही.

नारायण वामन टिळकांचं उदाहरण याहून निराळं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीचं नाव मराठी वाचकाला ओळखीचं आहे. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. पण नगरला मिशनमध्ये बावीस वर्षं काम केल्यावर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली. पगार घेऊन ख्रिस्त सांगणाऱ्याचं लोक ऐकतात ते नोकरदाराचं बोलणं म्हणून, हे त्यांना सलत होतं. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बरोबरीने यावेत असा त्यांचा विचार होता. हे त्या काळी किती धाडसाचं होतं, याची कल्पना आज येणार नाही. पुढच्या दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबार फार वाढला नाही.

टिळकांचं औदार्य सांगताना एक खुलासा करायला हवा. घरातलं देऊन टाकणारे ते, आणि उरलेल्यात संसार ओढणाऱ्या लक्ष्मीबाई. संतपणाचं बिल बहुतेक वेळा स्वयंपाकघरात येतं. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पण लक्ष्मीबाईंचा स्वतःचा प्रवास मला टिळकांच्याहून जास्त खरा वाटतो. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. वेगळ्या राहिल्या, सोवळं पाळलं, पाच वर्षं झुंजल्या. मग जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे, असं त्यांच्याच मनाने घेतलं आणि त्यांनी कोणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. म्हणजे त्यांचा धर्म बदलला तो आधी माठापाशी, मग चर्चमध्ये.

आणि इथेच आपल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवावं लागतं. जे लक्ष्मीबाईंनी १९०० च्या आधी सोडलं, ते आपण सोडलं आहे का? या देशातल्या मिशनच्या इतिहासात, मंडळीत कोण कोणाशेजारी बसणार, एका प्याल्यातून प्रभुभोजन कोण घेणार, यावरून झालेल्या तंट्यांची काही कमी नाही. तो इतिहास म्हणून सोडून देता आला असता. पण डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचं धोरण जाहीर केलं, तेव्हा चर्चच्या आतही अस्पृश्यता आहे हे तिला मान्य करावं लागलं. प्रोटेस्टंट मंडळींनी यावर समाधानाने हसण्याचं कारण नाही. आमच्याकडे लग्न जुळवताना ‘मूळचे कोण’ हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातोच.

गारखेड्याच्या, शिवाजीनगरच्या, पुंडलिकनगरच्या कुठल्याही वसाहतीत जा. अनेक घरांत कामाला येणाऱ्या बाईचा चहाचा कप वेगळा असतो. बेसिनखाली किंवा खिडकीत उपडा घातलेला, कान तुटलेला. तो सगळ्या धर्मांच्या घरांत असतो. मी तो ख्रिस्ती घरातही पाहिला आहे, आणि त्याच घराच्या भिंतीवर येशू शिष्यांबरोबर जेवायला बसल्याचं मोठं चित्र होतं. त्या घरातली माणसं वाईट नव्हती. दर रविवारी चर्चला जाणारी, दान देणारी, आजाऱ्यासाठी रात्र जागणारी होती. फक्त योहानाचा चौथा अध्याय त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला नव्हता. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, हे सर्वांना ठाऊक आहे. टँकर आला की कोणाची बादली आधी, वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं पाणी कोण चढवणार, हे प्रश्न मला धर्माचे वाटतात. पाळकांच्या प्रवचनात ते क्वचित येतात.

याची दुसरी बाजू मराठवाड्यात तरी सांगायलाच हवी. आपल्याकडे अशी कितीतरी कुटुंबं आहेत जी घरात प्रार्थना करतात, मुलांना बायबल वाचून दाखवतात, पण शाळेच्या दाखल्यावर त्यांचा धर्म ख्रिस्ती नाही. कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्याला नाही. धर्म लिहिला की शिष्यवृत्ती गेली, नोकरीतली जागा गेली. आयुष्य बदललं नाही, गल्ली बदलली नाही, गावाची नजर बदलली नाही, फक्त कागद बदलला आणि हक्क गेला. यांना कोणी ढोंगी म्हणतं, तेव्हा मला राग येतो. कागद खोटा आहे असं कायद्याने म्हणता येईल, आणि तो प्रश्न कायद्यानेच सोडवायला हवा. धर्मांतरित दलितांच्या दर्जाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये आयोगही नेमला. पण ज्यांना ओठांनी कबुली द्यायला एक पैसाही पडत नाही, त्यांनी ज्यांना तिच्यासाठी मुलाचं शिक्षण मोजावं लागतं त्यांच्या विश्वासाचं माप काढू नये.

क्षमा ही आणखी अवघड गोष्ट. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज म्हणतो, आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमथी, यांना गाडीत झोपेत असताना जाळून मारण्यात आलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं. मला मोठी वाटते ती त्यानंतरची गोष्ट. त्या मुलीला घेऊन लगेच ऑस्ट्रेलियाला निघून गेल्या नाहीत. बारीपद्याला राहिल्या, कुष्ठरोग्यांचं काम चालवत राहिल्या, २००४ मध्ये तिथे इस्पितळ उभं राहिलं. क्षमेचे शब्द एका दिवसात बोलता येतात, पण त्याच रस्त्यांवरून पाच वर्षं रोज ये-जा करावी लागते.

आपल्या महाराष्ट्रातलं अलीकडचं नाव फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं. जानेवारी २०२० मध्ये मराठवाड्यात, आताच्या धाराशिवला, त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांचं ‘सुबोध बायबल’ मराठी वाचकांना माहीत आहे. त्याआधी वसईच्या विहिरी, झाडं, शेती वाचवण्यासाठी त्यांनी जी चळवळ केली, ती या धर्मगुरूच्या वेदीचाच भाग होती असं मी मानते. तिथल्या गुंडगिरीविरुद्ध बोलणं तेव्हा जिवावरचं काम होतं. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले, तेव्हा शोक करणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती, हे वेगळं काढता आलं नसतं.

जामखेडची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली आहे, कारण तिच्याजवळ थोडं थांबायचं आहे. आपल्या बीड जिल्ह्याला लागून असलेला हा दुष्काळी तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे नगरकडचे, डॉ. मेबल जबलपूरच्या, ग्रीक बायबल शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या कन्या. दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १९६० मध्ये लग्न करताना दोघांनी ठरवलं, की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं. नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काही वर्षं काम केल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की बरा होऊन गेलेला रोगी त्याच रोगाने पुन्हा येतो. गावात पाणी घाण, घरात अन्न नाही, बाईच्या शब्दाला किंमत नाही; इस्पितळात औषधाची बाटली देऊन काय होणार? ते अमेरिकेला गेले, सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला परत आले.

पुढे जे केलं ते साधं होतं. प्रत्येक गावातून एक बाई निवडायची आणि तिलाच आरोग्याचं काम शिकवायचं. या बायका बहुतेक निरक्षर. कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली, अनेक जणी दलित. शिकायला येताना जातही बरोबर आली. सुरुवातीला बायका एकमेकींच्या शेजारी बसून जेवायला तयार नव्हत्या. आरोळे दांपत्याने जातीवर व्याख्यान दिलं नाही. रात्री झोपताना सगळ्यांना मिळून एकच मोठं पांघरूण दिलं. थंडी कोणाला चुकत नाही. कुपोषित मुलांसाठी गावात जेवण सुरू झालं, तिथेही सगळ्या जातींची मुलं एका ओळीत.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा कूपनलिका खोदायच्या होत्या. पंप कुठे बसवायचा, हा गावात पहिला वाद. तो दलित वस्तीत बसेल असं आरोळ्यांनी पाहिलं. ज्यांना गावच्या विहिरीपासून लांब उभं राहावं लागे, त्यांच्या दारात गावाने हंडा घेऊन यायचं. कोणी कोणाला उपदेश केला नाही, कोणाशी भांडण झालं नाही. तहान लागली आणि गाव चालत गेलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा योहानाचा चौथा अध्याय कोणीतरी बोअरिंगच्या मशीनने पुन्हा लिहिला आहे, असं वाटलं.

कामाला सुरुवात झाली तेव्हा त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांपैकी एकशे सत्तराहून जास्त मुलं वर्षाच्या आत दगावत. नव्वदच्या दशकात तो आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरातून माणसं जामखेडला शिकायला येऊ लागली, आणि त्यांना शिकवत त्या निरक्षर म्हणून आलेल्या बायका. डॉ. मेबल १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. मुलांनी काम पुढे नेलं.

जामखेडविषयी बोललं, की आमच्यातलेच काही जण विचारतात, मग त्यातले ख्रिस्ती किती झाले? आरोळे दांपत्य आपला विश्वास कधी लपवत नसत. हे काम आपण येशूमुळे करतो, असं ते विचारणाऱ्याला सांगत. पण धर्म बदलण्याची अट त्यांनी उपचाराला घातली नाही, शिकवण्यालाही नाही आणि पाण्यालाही नाही. त्या बायका आपापल्या देवांना हात जोडून कामाला निघत. पिशवीत तराजू, औषधं, बाळंतपणाचं सामान. गावात शिरल्यावर आधी दलित वस्तीकडे वळत, कारण पंप तिकडे होता आणि हात धुवायचे असत.